दहा कुडोची बांधी आणि राज्यपालांचा कागद

१२ जून. सकाळी नऊ. गोटुलाची, म्हणजे गावच्या सभाघराची ओसरी.

हजर: दावेदार म्हातारी, तिची सून, गावचा भूमिया, वनहक्क समितीचा अध्यक्ष, एकतीस बाया, अठ्ठावीस माणसं, आणि लिहायला मी. गैरहजर: लग्नाला गेलेली चार घरं. विषय एकच: म्हातारीच्या नामंजूर दाव्याचं अपील. मुदतीचे उरलेले दिवस: सव्वीस.

हे सगळं मी सभा सुरू होण्याआधीच लिहून ठेवलं होतं. शेवटचा आकडा लाल पेनानं लिहून त्याला चौकट केली होती. माझी सवयच तशी. माझं माहेर वैनगंगेपलीकडे, सावलीजवळचं. नवऱ्याची प्राथमिक शाळेतली नोकरी म्हणून सव्वीस वर्षांपूर्वी धानोरा तालुक्यातल्या या गावात बिऱ्हाड आलं. पुढं त्यांच्या बदल्या आजूबाजूच्या शाळांत होत गेल्या, पण बिऱ्हाड हललं नाही. गावातली बहुतेक घरं गोंडांची. मी एक दिवसही शिकवलेलं नाही, तरी इथं सगळे मला मास्तरीनबाई म्हणतात. अक्षर बरं आणि याद्या करायची हौस, त्यामुळं ग्रामसभेचं लिखाण हळूहळू माझ्याकडं आलं. इतिवृत्त, हजेरी, वनहक्काचे दावे, सगळं. दाव्यांच्या फायली मी रंगानं वेगळ्या ठेवते. हिरवी म्हणजे उपविभागाकडं गेलेली, पिवळी म्हणजे जिल्ह्याकडं, पांढरी म्हणजे पट्टा मिळालेली. नामंजुरीसाठी मी रंगच ठरवला नव्हता. म्हातारीचा कागद आला तेव्हा ती फाइल बरेच दिवस पिवळ्यांतच पडून होती.

हा कायदा असा आहे. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या शेत कसणाऱ्या घरांना त्या जमिनीचा हक्क मिळतो. दावा आधी ग्रामसभा तपासते, मग उपविभागाची समिती, मग जिल्ह्याची. कागदपत्रं नसतील तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबसुद्धा पुरावा धरतात. आणि जिल्हा समितीचा निर्णय अंतिम, असं माझ्याकडच्या छापील पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघही मारलेली होती.

म्हातारीचा दावा एप्रिलात नामंजूर झाला. कारण एवढंच दिलं होतं की दाव्यात चार एकर लिहिलंय, मोजणीत दोनच एकर भरली, त्यामुळं वडीलधाऱ्यांचा जबाब या जमिनीबद्दलचा आहे असं मानता येत नाही. मी कागद घेऊन तिच्या घरी गेले. ती मोहफुलं वाळत घालत होती. मी सगळं वाचून दाखवलं आणि सांगितलं की आता काही करता येणार नाही, यापुढं अपील नाही. तिनं विचारलं, मग बांधी कोणाची? मी म्हटलं, वनखात्याची. तिनं मोहफुलं पसरायचं थांबवलं नाही. सासऱ्यांनी झुडपं काढून, बांध घालून केलेली ती धानाची बांधी, त्यात नवरा राबला, पोरगा राबला. पोरगा गेला, नवराही गेला. आता ती आणि सून, दोघीच. घरात खायचं धान त्याच दोन एकरांतून येतं. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी मी पुस्तकातली ओळ सांगून परत आले.

पुस्तकाबाहेरचा कायदा मला धानोऱ्याच्या झेरॉक्सच्या दुकानात भेटला. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी हजेरीपत्रकं काढायला गेले होते. माझ्यापुढं कोरचीकडचा एक माणूस दोन पानांच्या कागदाच्या पुष्कळ प्रती काढत होता. मशीनमधून पानं उलटी बाहेर येत होती आणि मला उलटं वाचायची सवय आहे. वर राजमुद्रा, खाली राज्यपालांचा उल्लेख, मधे 'वनहक्क' आणि 'अपील' हे दोन शब्द. मी विचारलं, भाऊ, हे कसलं? तो म्हणाला, "अपिलाचा कागद आहे बाई. तुमच्या गावाले नाई पोचला का?" त्यानं आपल्या गठ्ठ्यातली एक प्रत काढून दिली आणि वर पाच मिनिटं थांबून समजावूनही सांगितलं. पुढं बसस्थानकावर कधीतरी भेटेल म्हणून अजून बघते. भेटलेला नाही.

त्यानं दिलेला कागद मी घरी येऊन तीनदा वाचला. आपल्या जिल्ह्यातला हा भाग राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतला. अशा भागात राज्यपालांना अधिकार असतो की दिल्लीत संमत झालेला कायदासुद्धा जसाच्या तसा लावायचा, की फेरफार करून लावायचा, ते अधिसूचना काढून ठरवता येतं. संसद नाही, विधानसभा नाही, दोन पानांची अधिसूचना. आणि त्या दोन पानांनी आमच्या पुस्तकातली ती रेघ मारलेली ओळ आमच्यापुरती बदलली होती. जिल्हा समितीनं नाकारलं तर नागपूरच्या विभागीय समितीकडं अपील करता येणार होतं, ठरावीक मुदतीत.

तारीख पाहिली. अधिसूचना म्हातारीच्या नामंजुरीच्या आधीची होती. मी तिला 'आता काही नाही' म्हणून सांगितलं त्या दिवशीही हा कागद लागू होता. पुस्तक तेच होतं, कायदा बदललेला होता आणि मला पत्ता नव्हता.

त्याच संध्याकाळी भावाला फोन केला. त्याच्या गावातही वनजमिनीचे दोन दावे नाकारले होते. मी कागद वाचून दाखवला आणि मग सांगावं लागलं की हे तुमच्याकडं लागू नाही, तो भाग अनुसूचित नाही. "म्हणजे नदीच्या त्या अंगाले कायदाच अलग?" तो म्हणाला. मी म्हटलं, कायदा एकच, दुरुस्ती अलग. तो म्हणाला, "बरं आहे मग, मी तुझ्या गावात जावई म्हणून येतो." चाळिशी उलटलेला माणूस.

तर १२ जूनच्या सभेत मी दोन पानं मोठ्यानं वाचली. अध्यक्षानं त्याचं गोंडीत सांगितलं. तो तरुण आहे, बारावी शिकलेला, मोटरसायकल त्याची एकट्याची. मग प्रश्न सुरू झाले. कायदा दिल्लीचा, तर मुंबईत बसलेल्या माणसाला तो बदलता कसा येतो? उद्या दुसरा कोणी परत बदलेल तर? मी अधिकार, अनुसूची असं सांगत होते, पण माझ्या सांगण्यानं काही उजेड पडत नव्हता. शेवटी भूमिया बोलला. भूमिया म्हणजे ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवलं त्या घरातला वडीलधारा. तो कमी बोलतो.

"बाजारातून गाडीचं चाक आणलं," तो म्हणाला. "आपल्या वाटेच्या चाकोरीत बसत नाई. सुतारानं थोडं तासून देल्लं. चाक तेच हाय, चालते आपल्या वाटेनं."

बायांतून कोणीतरी म्हणालं, "सुतार मुंबईले बसते म्हणून इतके दिवस लागले." दुसरी म्हणाली, त्याच सुताराला सांगा माह्या घरचं दारही तासून दे, पावसाळ्यात बसतच नाही. सगळे हसले. मी मात्र ती चाकाची गोष्ट वहीत उतरवून घेतली. पुढं दुसऱ्या गावांत हा कागद समजावताना मी तीच सांगितली. त्याबद्दल मी भूमियाची आजही ऋणी आहे, कारण माझ्या शब्दांत सांगितलं असतं तर लोक उठून गेले असते.

मग जबाब पुन्हा नीट लिहायचा ठरला. मी म्हातारीला म्हटलं, बाई, पहिल्यापासून सांगा, तुमच्या सासूच्या काळात ती बांधी केवढी होती. तिनं मागच्या वेळी सांगितलं होतं तेच सांगितलं: दहा कुडोची. कुडो हे धान मोजायचं माप, आणि आमच्याकडं जमीन बियाण्यावरून सांगतात. बांधीत दहा कुडो धानाचं बी लागतं, तर बांधी दहा कुडोची. एकर-हेक्टर कोणी बोलतच नाही. म्हणून दावे भरताना मी एक तक्ता केला होता, कुडोचे एकर करायचा. एका बाजूला कुडो, दुसऱ्या बाजूला एकर. तक्ता सुबक होता आणि मला त्याचा अभिमान होता.

म्हातारी पुढं सांगत होती. सासू पहाटे कमरेला टोपली बांधायची, बांधावरून एका टोकाला जायची आणि तिथून बी फेकत यायची. "दहा कुडो पुरं फेकलं की टोपली रिकामी अन् बांधी भरली," ती म्हणाली, "माह्या सासूचा हात कधी चुकला नाई."

फेकत, हा शब्द लिहिता लिहिता मी थांबले.

माझा तक्ता माझ्या माहेरचा होता. सावलीकडं तलावाचं पाणी, तिथं धानाची रोवणी करतात. आधी पऱ्हे टाकायचे, मग रोपं उपटून चिखलात रोवायची. रोवणीला बी कमी लागतं. दहा कुडो बियाण्यात आमचे वडील चार एकर रोवायचे आणि मी तेच प्रमाण धरलं होतं. इथं डोंगराच्या पायथ्याला आवत्या टाकतात, म्हणजे बी सरळ शेतात फेकतात. आवत्याला बी दुप्पट लागतं. दहा कुडोत दोनच एकर. मोजणीवाल्यांची दोन एकर खरी होती. म्हातारीचे दहा कुडोही खरे होते. चार एकर माझे होते.

सव्वीस वर्षं मी या गावात राहते. दर जूनमध्ये इथले लोक बी फेकताना बघते. तरीही तक्ता करताना मला वडिलांचं शेत आठवलं. समितीची माणसं तेव्हा बांधावरून फिरून चतुःसीमा लिहून आणत होती आणि मी शाळेच्या व्हरांड्यात बसून एकराचा रकाना भरत होते. एकाही शेतात मी गेले नव्हते.

मी उभी राहिले आणि सांगितलं. तक्ता कुठून आला, चूक कशी झाली, दावा माझ्यामुळं गेला. म्हातारीच्या सुनेनं गोंडीत काहीतरी म्हटलं आणि दोनतीन बाया हसल्या. अध्यक्षानं मला सांगितलं, ती म्हणते, मास्तरीनबाईनं आमच्या बांधीत रोवणी लावली.

खरा वाद त्यानंतर झाला. माझं म्हणणं सरळ होतं: अपिलात लिहायचं की लिहिणारीची चूक झाली, जबाब आणि मोजणी दोन्ही जुळतात. अध्यक्षाला ते मान्य नव्हतं. त्याची भीती खोटी नव्हती. याच तक्त्यावरून भरलेले आणखी अकरा दावे उपविभागाकडं पडून होते. आपणच लिहून दिलं की आमचा तक्ता चुकलेला आहे, तर ते अकराही जातील. "चूक झाली तर मुकाट्यानं आकडा बदला," तो म्हणाला, "ढोल काऊन बडवाचा?" मी म्हटलं, मुकाट्यानं बदललेला आकडा म्हणजे पुन्हा न जुळणारा कागद. तो म्हणाला, तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणून तुम्हाला कागदच दिसतात.

हा टोमणा मला लागला. वहीत मी तो लिहिला नाही.

आमच्या गावात ठराव बहुमतानं होत नाहीत. एक माणूस जरी राजी नसला तरी ठराव लिहायचा नाही, पुन्हा बसायचं. ही पद्धत जुनी आहे आणि एरवी मला आवडते. पण त्या दिवशी माझ्यासमोर लाल चौकट होती. १२ ला काही ठरलं नाही. १६ ला पुन्हा बसलो, तेव्हाही नाही. मुदतीचे बावीस दिवस. मी भूमियाला बाजूला गाठून म्हटलं, भाऊ, हात वर करून मोजून टाकू, एक सोडून सगळे राजी आहेत.

"हात मोजले तर जिंकणारे घरी जातेत अन् हरणारा रुसून बसते," तो म्हणाला. "मग नागपूरले तुमाले कोण नेईल? मोटरसायकल त्याचीच हाय."

मी हात मोजायचा विचार सोडला. आज वाटतं, तो मला मोटरसायकलीपेक्षा मोठं काही सांगत होता. पण त्या क्षणी मोटरसायकलीचं कारणसुद्धा पुरेसं होतं.

१९ ला तिसऱ्यांदा बसलो. अध्यक्ष पुन्हा अकरा दाव्यांबद्दल बोलला. या वेळी त्याच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. त्याच्या स्वतःच्या काकाचा दावा त्या अकरांत होता. म्हातारी या वादात दोन्ही सभांत नुसती बसून होती. ती बसल्या जागेवरूनच बोलली.

"मी दहा कुडो सांगतलं, ते खरं होतं. लिहिणारीनं चूक लिहिलं. मी खोटं बोलली असं कागदावर राहू देऊ नका. जमीन गेली तर गेली, माह्यं बोलणं खोटं नाई ठरलं पाह्यजे."

मग अध्यक्षाकडं वळून म्हणाली, "तुह्या काकाचंही दहा कुडोच हाय का नाई, त्याले विचार. आपण खरं सांगतलं असं एकदा ठरलं, तर त्याचंही खरं ठरते."

तो म्हणाला, लिहा मास्तरीनबाई. एवढंच. मी लिहिलं. माझ्या आयुष्यात मी लिहिलेला हा सर्वांत लहान ठराव. चार ओळींचा, त्यातली तिसरी ओळ माझ्या चुकीची.

पण नुसतं लिहून भागणार नव्हतं. दहा कुडोत दोन एकर, हे विभागीय समितीनं कशावरून मानायचं? शेतीच्या पुस्तकातलं बियाण्याचं प्रमाण जोडता आलं असतं, पण ते कृषी खात्याच्या सुधारित पेरणीचं, म्हातारीच्या सासूच्या हाताचं नव्हे. भूमियानं सुचवलं की पेरूनच दाखवा. आठ दिवसांत आवत्या टाकायचेच होते. पंचांसमोर बी मोजायचं, म्हातारीनं पेरायचं, किती लागलं ते लिहायचं.

२४ जून. म्हातारीची बांधी. हजर: ती, सून, भूमिया, अध्यक्ष, दुसऱ्या गावचे दोन पंच, चाळीसेक लोक, मी. बी भूमियाच्या घरच्या मापानं मोजलं, दहा कुडो, काठोकाठ. मी प्रत्येक मापाला वहीत एक रेघ मारत होते. म्हातारीनं टोपली कमरेला बांधली. सून म्हणाली मी टाकते, तिनं ऐकलं नाही. सुरुवातीला तिचा हात सावकाश फिरत होता, मग लय आली. बी एकसारखं पडत होतं. मी बांधावर चालत होते आणि मनातल्या मनात प्रार्थना करत होते की बरोबर दहा लागू देत.

दोन तृतीयांश बांधी झाल्यावर ती दमली. उरलेली सुनेनं टाकली. शेवटच्या टोकाला पोचल्यावर टोपलीत बी उरलं होतं. मोजलं. एक कुडोला थोडं कमी.

अध्यक्ष हळू आवाजात म्हणाला, "दहा लिहा बाई, कोण मोजते." त्याचं मन मला कळत होतं. त्यालाही आता हे अपील जिंकायचं होतं. पण मी एकदा आकडा बसवून पाहिला होता. मी लिहिलं: नऊ कुडो आणि वर थोडं. म्हातारीला विचारलं, का उरलं? ती हात झटकत म्हणाली, "माह्या सासूचा हात मोठा होता." मी तेही लिहिलं, तिच्या शब्दांत. पंचांनी सह्या केल्या, तिनं अंगठा दिला.

पुढचं काम मला येतं ते. यादी केली: नामंजुरीची प्रत, अधिसूचनेची प्रत, ठराव, जबाब, पेरणीचा पंचनामा, मोजणीचा नकाशा, माझं स्वतःचं प्रतिज्ञापत्र की आकडा मी चुकीचा भरला. सात कागद, तीन संच. ४ जुलैला अध्यक्षानं मला आणि फायलींना पहाटे धानोऱ्यापर्यंत मोटरसायकलीवर आणलं. वाटेत नाल्याला पाणी होतं. त्यानं गाडी ढकलत नेली आणि मी फायली डोक्यावर धरून मागून चालले. गडचिरोलीहून नागपूरची बस मिळाली. संध्याकाळी पाचला दहा मिनिटं असताना पोच हातात पडली. पोच देणारा लिपिक घरी निघायच्या तयारीत होता. त्यानं पिशवी खाली ठेवली, प्रत्येक कागदावर क्रमांक टाकला, एका प्रतीवर शिक्का पुसट आला तो दुसऱ्यांदा मारला. मी त्याचे आभार मानले तर तो म्हणाला, बाई, तुमची यादी वर लावलेली आहे म्हणून पटकन झालं. असं कोणी म्हटलं की मला दिवसभर पुरतं.

सुनावणी थंडीत लागली. म्हातारी पहिल्यांदाच नागपूरला आली होती. भूमिया, अध्यक्ष, मी, ती, चौघं. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि शिदोरीत आमच्या सगळ्यांच्या भाकरी होत्या. दालनात मोठं टेबल, पलीकडं समितीचे लोक. मी बोलायची तयारी करून गेले होते, सात मुद्दे पाठ होते. फक्त पहिले दोन विचारले. बाकी त्यांनी वाचलेलं होतं. पंचनाम्याच्या पानावर एक साहेब थांबले आणि म्हातारीला सरळ विचारलं, दहा कुडो म्हणता, मग लागले नऊ, उरलेलं बी कुठं गेलं?

"घरी नेलं जी," ती म्हणाली. "तेही इथी आणाचं होतं का?"

ते हसले. मग गंभीर होऊन म्हणाले की दहाला दहा लागले असते तर मी आणखी दोन प्रश्न विचारले असते. मी अध्यक्षाकडं पाहिलं नाही. त्यानंही माझ्याकडं पाहिलं नाही.

अपील मंजूर झालं. दोन एकरांचा पट्टा आला, म्हातारीच्या नावावर. मी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या घरी नेला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचून दाखवला. चतुःसीमा आल्या तेव्हा ती प्रत्येक दिशेला मान हलवत होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, यात सासूचं नाव कुठी हाय? मी म्हटलं, पट्ट्यात नाही, पण जबाबात आहे आणि जबाब नागपुरात जपून ठेवलाय. तिला ते पटलं. तिनं मला त्याच बांधीतलं पायलीभर नवं धान दिलं. मी नको म्हटलं नाही.

मी खूप माणसांची ऋणी आहे आणि ती यादी मी खरोखरच केलेली आहे. कोरचीचा माणूस. पिशवी खाली ठेवणारा लिपिक. तीन सभा थांबून राहिलेला भूमिया. चाक कोणी तासलं ते मला माहीत नाही. मुंबईतल्या कुठल्या टेबलावर कोणी तरी बसून ठरवलं असेल की अंतिम या शब्दानंतर या जिल्ह्यांपुरती आणखी एक पायरी हवी. त्यानं आमचं गाव पाहिलेलं नसणार. तरी त्याला एका गोष्टीची कल्पना होती, की जंगलातल्या दाव्यात चूक कोणाचीही होऊ शकते, आणि ती सुधारायला जागा ठेवली पाहिजे. माझ्या चुकीला जागा मिळाली ती त्याच्यामुळं. अध्यक्षाचं नाव यादीत सर्वांत वर आहे, कारण एकदा राजी झाल्यावर त्यानं नाल्यातून गाडी ढकलली.

अकरा दाव्यांचं भाकीत मात्र त्यानं केलं तसं झालं नाही. उपविभागाकडं आम्ही स्वतःहून पत्र दिलं: तक्ता चुकलेला आहे, प्रत्येक शेतावर जाऊन आकडा पुन्हा देतो, निर्णय त्यानंतर करावा. त्यांनी मान्य केलं. आता मी व्हरांड्यात बसून लिहीत नाही. घरातलं बी पेरणारं माणूस बरोबर घेते, शेतात जाते, रोवणी की आवत्या ते विचारते, मग लिहिते. अकरांपैकी तीन घरं खरोखर रोवणी करणारी निघाली, त्यांचे आकडे मुळातच बरोबर होते. अध्यक्षाचा काका त्या तिघांतला. तो महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला की मास्तरीनबाईचा तक्ता माझ्यापुरता एकदम बरोबर होता.

दहा शेतं झाली. एक राहिलं. ते घर दरवर्षी संक्रांतीनंतर मिरची तोडायला तेलंगणात जातं, यंदाही कुलूप लावून गेलं. शेत नाल्याच्या वळणावर आहे, अर्धं उताराचं, अर्धं सखल. उतारावर आवत्या आणि सखल भागात रोवणी करत असतील, असा माझा अंदाज आहे. अंदाजावर मी आकडा लिहिणार नाही. त्या घरातली बाई होळीला परत येते म्हणून शेजारीण सांगते. उपविभागाला मी मार्चअखेरची तारीख दिली आहे. ती आली की दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन नाल्याकडं जायचं आहे.